आणखी पाव वळसा

रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. बॉनेटखाली वाकलेली डोकी दोन, आणि पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेले प्रेक्षक एक.

प्रेक्षक म्हणजे सरांची मुलगी. सरांनी तंत्रनिकेतनात इंजिने शिकवण्यात हयात घालवली होती. निवृत्तीनंतरही गल्लीतल्या लहानथोरांचे ते सरच राहिले होते. शेजारी वाकलेला तरुण एका छापखान्यातली यंत्रे सांभाळत असे. धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो असलेली जुनी गाडी त्याच्या घरची. चढावर तिचा दम उखडतो, हे आजच्या येण्याचे निमित्त. खरे कारण तिघांनाही ठाऊक होते. एक लग्न ठरायचे होते. बाकी सगळ्यांचे होकार आले होते. एकच अडला होता, आणि तो आज मिळाला नाही तर पुढे मिळण्याची आशा नव्हती.

"बाबा, त्याला परीक्षेला बसवू नका हं," मुलीने सकाळीच बजावले होते.

"परीक्षा कसली? सहज दोन प्रश्न विचारीन."

"तुमच्या सहज दोन प्रश्नांत निम्मा वर्ग गारद व्हायचा!"

आता तरुण म्हणत होता, "हे बॉनेट जरा अडतं, थांबा, मी—"

सरांनी डाव्या कोपऱ्यावर तळहाताची थाप दिली. बॉनेट उघडले. पायरीवर कोणाला तरी ठसका लागला.

"हं, तर," सर घाईने म्हणाले, "टर्बोचा दाब वाढवायचाय, तोही स्वस्तात. काय करशील?"

तरुणाने खिशातून प्लास्टिकचा एक इवलासा व्हॉल्व्ह काढला. "माशांच्या काचपेटीतला आहे. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की वेस्टगेट नावाचं दार उघडतं आणि जादा धूर टर्बोला वळसा घालून निघून जातो. दाराला दाबाची खबर देते ती ही नळी. नळीतली थोडी हवा या व्हॉल्व्हमधून बाहेर सोडली की दार उशिरा उघडतं. तोवर दाब चढतो."

"म्हणजे चहाडखोराचं अर्धं तोंड बांधायचं," मुलगी म्हणाली.

"बरोबर. पण त्याआधी फुकटातलं काम," सर म्हणाले. "फुटक्या माठात कितीही पाणी ओता, माठ भरत नाही."

त्यांनी हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडावर प्लास्टिकचा डबा घट्ट बसवला आणि डब्याला पायपंप जोडला. पंपाचे काम मुलीकडे आले. ती हवा भरत असताना तरुण प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावत गेला. तिसऱ्या सांध्यावर फेसाचा फुगा फुगला.

"सापडला चोर!" तो ओरडला.

त्या सांध्याची पट्टी आवळल्यावर तरुण एकटाच चढावर एक फेरी मारून आला. दाबमापकाचा पाचवर अडणारा काटा सातवर गेला होता. खर्च शून्य.

मग व्हॉल्व्हची पाळी. प्लास्टिकचा सरांनी नापास केला. "इंजिनाच्या उष्णतेत याचं मेण होईल." त्यांनी कपाटातून पितळेचा आणला, नळी कापून तीन तोंडांच्या जोडाने तो बसवला आणि अर्धा वळसा उघडला. मग दाबमापक हातात धरून ते तरुणाच्या शेजारी बसले.

"तिसऱ्या वळणावर हिचा दम जातो. तिथे सोडू नकोस, दाबून धर."

"तिसरं वळण तुम्हाला कसं माहीत?"

सरांनी काट्यावरची नजर काढली नाही. "चढ म्हटला की वळणं आलीच."

तिसरे वळण आले. गाडी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी उसळली. काटा नऊवर. तरुणाने अशी काही आरोळी ठोकली की सरांनाही हसू आवरेना. दोघे परतले ते शाळा सुटलेल्या पोरांसारखे.

"सर, आणखी पाव वळसा! बारावर नेऊ!"

"उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!"

"बाबा, निदान तुम्ही तरी हे म्हणू नका," म्हणत मुलगी हसून हसून पायरीवर आडवी झाली.

तरुण मात्र हसला नाही. "पाव वळसाच तर मागतोय. आजच्या दिवशी नाही म्हणू नका."

"नाही."

"एवढंसुद्धा नाही?"

मुलीचे हसू थांबले. सरांना हा मुलगा मनापासून आवडला होता. त्याला हिरमुसला करून धाडणे म्हणजे जुळत आलेले हाताने मोडणे. एका पाव वळशाने सगळे गोड झाले असते.

"हे बघ," ते म्हणाले, "हवा वाढेल, पण पेट्रोल त्या मानाने वाढणार नाही. आत ठोके पडतील, पिस्टन जाईल, तेही भर चढावर. या गाडीत आपलं माणूस बसणार आहे. काटा कुठवर का पोचेना, माणूस घरी पोचलं पाहिजे. तुला राग आला तर येऊ दे."

त्यांनी व्हॉल्व्हची चकती होती तिथेच पक्की आवळून टाकली.

तरुण हात पुसत फाटकाशी गेला आणि त्याने फोन कानाला लावला. सर पाना उलटा धरून उभे राहिले. मुलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"हॅलो, आई? झाली तुझी गाडी. एकदम झकास! हो ना, खूप आग्रह करून पाहिला, पण बधले नाहीत. म्हणाले, माणूस घरी पोचलं पाहिजे." तो वळला, चेहरा हसण्याने उजळला होता. "आता माझाही होकार. खुशाल कर सरांशी लग्न."

वराचे वय सदुसष्ट, वधूचे त्रेसष्ट. मुलांची मते : बाजूने दोन, विरुद्ध शून्य.