टोपलीतलं नाव

रविवारी चर्चमध्ये नव्या पाद्रीबाबांनी जाहीर केलं, की शार्लट एलिझाबेथ मंगिन काल रात्री शहरातल्या दवाखान्यात वारल्या. कुणी रडलं नाही. परक्या माणसासाठी म्हणतात तसं सगळ्यांनी हळू आवाजात आमेन म्हटलं. बेटावर निम्मे लोक मंगिनच. पुढच्या बाकावरच्या एका बाईनं शेजारणीला विचारलं, ही कुणापैकी गं? शेवटी तिच्या नवऱ्याला, एफ्राइम मंगिनला, स्वतःच उठून उभं राहावं लागलं.

"आपली बीना गेली," तो म्हणाला.

मग सगळं चर्च रडायला लागलं.

अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगतच्या त्या बेटावर जुन्या काळ्या माणसांना दोन नावं असतात. एक कागदावरचं, इंग्रजी, शाळेत आणि कोर्टात लागतं तेवढंच. दुसरं टोपलीतलं, मूल अजून टोपलीत निजतं तेव्हा घरातल्या बायकांनी ठेवलेलं. बीना मंगळवारी जन्मली म्हणून बीना, आफ्रिकेतून आणलेल्या पूर्वजांच्या रीतीनं. शार्लट हे नाव तिच्या घराण्यात आलं ते मळ्याच्या गोऱ्या मालकिणीवरून. मालकिणीचं नाव इंग्लंडच्या राणीवरून ठेवलेलं होतं.

बुधवारी माती द्यायची होती. बीनाची माणसं खाडीकाठच्या ओकांखाली पुरलेली आहेत. ती जागा आता बंगल्यांच्या आणि गोल्फच्या मैदानांच्या आत गेली आहे. सभोवती भिंत आहे, भिंतीला गेट आहे, आणि गेटवर सोनेरी अक्षरांत 'प्लँटेशन' लिहिलं आहे. जिथं गुलाम राबायचे त्या मळ्याला हा शब्द होता. उत्तरेकडून राहायला आलेल्यांना तो ऐकायला छान वाटतो.

शववाहिका एफ्राइमला घेऊन आत गेली. तिच्यामागून कुणीच येईना. एफ्राइम खड्ड्यापासून चालत गेटपर्यंत परत आला. बाहेर रस्त्याच्या कडेनं गाड्यांची रांग लागली होती. गेटवर पहाऱ्याला वर्नेल नावाची बाई होती, सव्हाना शहराकडची, काळीच. ती प्रत्येकाला विचारत होती, कुणाच्या मातीला आलात? प्रत्येक जण सांगत होता, बीनाच्या. ऑफिसनं तिला जे नाव कळवलं होतं ते शार्लट.

एफ्राइमनं सांगितलं, ही सगळी माझी माणसं आहेत, सोड. वर्नेल आदबीनं बोलत होती. मागे असंच मातीला म्हणून आत गेलेले दोघे गोल्फच्या तळ्यावर मासे धरत बसले होते, आणि बोलणी हिला खावी लागली होती. आज तर आत स्पर्धा होती. तरी तिनं ऑफिसला फोन लावला. ऑफिसचं म्हणणं सरळ होतं. मेलेल्या माणसाचं नाव जो सांगेल, त्याला पास द्या आणि सोडा.

"काका, एक नाव तर सांगायचंय," वर्नेल म्हणाली. "आणि राणीचं नाव आहे. किती छान."

"आमच्या माणसांना इथं आणलं, तेव्हा कुणी पास मागितला नव्हता."

"माझ्याही माणसांना नव्हता मागितला," ती म्हणाली. पण गेटचा आडवा दांडा काही तिनं वर केला नाही.

एफ्राइम गाडीगाडीपाशी जाऊन खिडकीत वाकून बायकोचं कागदावरचं नाव सांगत सुटला. काहींना ते एकदा ऐकून जमेना. एकजण म्हणाला, हे तर शहराचं नाव आहे, माझा मेव्हणा राहतो तिथं. दुसरा म्हणाला, जन्मभर तिच्या हातचा भात आणि कोळंबी खाल्ली, आणि आज परीक्षेला बसल्यासारखं तिचं नाव पाठ करतोय. हसण्यासारखं होतं, पण हसलं कुणी नाही. एकेक जण दांड्यापाशी येऊन शार्लट म्हणत होता आणि वर्नेलकडे न बघता आत जात होता.

शेवटच्या गाडीत मिना मावशी होती, बीनाच्या आईची बहीण. बीना हे नाव तिनंच ठेवलं होतं. त्या घराण्यात माती लोटायच्या आधी सगळ्यांत थोरली बाई खड्ड्याच्या कडेला उभी राहून मेलेल्याला टोपलीतल्या नावानं हाक मारते. खाली निजलेल्यांना कळावं, आपल्यातलं कोण आलंय ते.

एफ्राइमनं तिला समजावलं. ऊन बघ, लोक खोळंबलेत, पाद्रीबाबांना दुसरीकडे जायचंय.

"म्हण ना मावशी. नुसतं तोंडानं म्हणायचं. मनात काही का असेना."

"त्याच तोंडानं तिला हाक मारायचीय मला," मिना मावशी म्हणाली.

त्यानं गाडीच्या टपावर हात आपटला. नुसतं नावच आहे, म्हणून तो तिच्यावर ओरडला. ती समोर बघत बसून राहिली. तो पुन्हा वर्नेलकडे गेला. ही एक म्हातारी तेवढी सोड, म्हणून विनवलं. वर्नेलनं पुन्हा फोन लावला, बराच वेळ ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. खाडीकडून कुणीतरी एफ्राइमला बोलवायला आलं. तो एकटाच गेला.

पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. तीत नाव शार्लट एलिझाबेथ असंच आलं. मग ते थांबले, आणि सगळ्यांनी एफ्राइमकडे पाहिलं. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. तो नवरा होता, त्या घराण्यात बाहेरून आलेला. खाली निजलेल्यांना त्याचा आवाज ओळखू येणार नव्हता. थोड्या वेळानं पोरांनी फावडी उचलली.

तो गेटवर परतला तेव्हा मिना मावशीची गाडी निघून गेली होती. आत जायला दर वेळी नवा पास लागतो, आणि पास मागायचा तर तेच नाव सांगावं लागतं. मिना मावशी ते म्हणत नाही. बीनाला मूठमाती मिळाली. हाक अजून मारलेली नाही.