टाळांशिवायचं कीर्तन

जरा जवळ सरका मंडळी, माझ्या लाजेची गोष्ट सांगतो.

आमच्या दिवंगत बुवांच्या कीर्तनाची एकच कॅसेट उरली होती. ती मी कॉम्प्युटरवर उतरवली. त्यातलं आवाज टिपणारं साउंड कार्ड जुनं, जेमतेम आठ बिटांचं. टाळ वाजले की नुसती खरखर यायची. आठवडाभर खटपट करून मी सगळे तीक्ष्ण आवाज छाटले. बुवांचा शब्द न् शब्द स्वच्छ झाला. केवढा फुगलो होतो मी!

देवळात सगळ्यांना ऐकवलं. बुवांमागे चाळीस वर्षं टाळ धरणारे सोपाननाना अंध बायकोला हाताला धरून घेऊन आले होते. ती माउली शेवटपर्यंत कान देऊन बसली. मग हळूच म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुम्ही गेला नव्हतात का?"

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेलो होतो गं. पण बुवांपुढं आमचं काय ऐकू येणार!"

माझी मान वर होईना. टाळ परत आणायचे तरी कुठून? काम झालं म्हणून मूळ कॅसेटवर मी दुसरं कीर्तन भरून टाकलं होतं.

मंडळी, कुठंही कीर्तनाला बसलात, तर आमच्या सोपाननानांची तेवढी आठवण काढा.