फुकटचा वजीर

जुनवानीतल्या घरी सामान लावताना बत्तीस वर्षांपूर्वीच्या बुद्धिबळ फायनलच्या चाली लिहिलेला कागद सापडला. त्या डावात माझ्यासमोर कारखान्यातले आमचे साहेब होते. नात गुंजन एकेक चाल पटावर लावत गेली आणि मध्येच थांबली.

"आबा, साहेबाचा वजीर फुकटात भेटून राहिला होता. मारला कावून नाही तुमी?"

"प्रमोशनची यादी त्याच्याकडं होती. मी मुद्दाम हरलो, दुसऱ्याच दिवशी लेटर हातात आलं."

"छी, आबा."

स्वतःची किळस मलाही तेव्हापासून येते. फोरमन तर झालो, अशी समजूत घालत आलोय. गुंजननं भिंतीवरच्या फ्रेममधलं लेटर वाचलं, मग कागदावरची तारीख पाहिली.

 

"आबा, लेटरवर सही तर मॅचच्या चार दिवस आधीची आहे."