शिंदखेडावाली

माझी बायको कोकिळा गेल्यावर आमच्या मुलीनं, वृषालीनं, तिच्या नावानं वेबसाइट काढली. कोणीही यावं, तिच्याविषयी दोन ओळी लिहाव्यात, एवढंच. पण तिथे ‘कर्ज घ्या’, ‘लॉटरी लागली’ असलेच निरोप येऊ लागले. मग तिनं लिहिण्याआधी एक प्रश्न ठेवला, ओळखीच्या माणसालाच उत्तर येईल असा: ‘कोकिळाबाईंना सगळे काय म्हणायचे?’ आमच्या पहूरला सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. म्हणून उत्तर ठेवलं, शिंदखेडावाली.

जाहिराती थांबल्या. भावकीतले, गल्लीतले लिहू लागले. तिच्या माहेरचं मात्र कोणीच नाही. दवाखान्यात न्यायला मी उशीर केला, असं तर त्यांना वाटत नसेल? रोज सकाळी फोन उघडून मी त्यांचीच नावं शोधायचो.

शेवटी मीच तिच्या थोरल्या बहिणीला, पार्वताअक्कांना, फोन लावला.

“अक्का, तुम्ही रागावल्या का माझ्यावर?”

“राग कसाना, पाव्हना? बठ्ठा शिंदखेडा, धाकला-मोठा, लिखी लिखी थकना. तुमनं यंत्र आमले मझार येऊच देत नही.”

“उत्तर काय लिहिलं तुम्ही?”

“भिंगरी! दुसरं काय लिखसूत? एक जागे बसे का ती कधी? तुम्ही काय म्हनेत तिले?”

मी जन्मभर नुसतं ‘ऐकलं का’ म्हणत आलो होतो.