मावशींचा स्वविकास

लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या मावशी जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की चादरींच्या ढिगाआड पंधरा मिनिटं डोळा लावायच्या. वेळ त्यांच्याच हक्काचा, तरी अठरा वर्षं हे सगळं जीव मुठीत धरून. मग नव्या मालकाच्या डोक्यात स्वविकासाचं खूळ शिरलं आणि त्याने नेमक्या त्याच सुट्टीत सगळ्यांना भाषणांचे व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी मावशी ढिगाआड सापडल्या.

"मावशी, माणसाने रोज थोडं तरी पुढे जावं."

"सकाळपासून दोनशे चादरी गेल्या की पुढे. मी एकटी मागे राहिले तर काय बिघडलं?"

"अहो, निदान सुट्टीत तरी स्वतःसाठी काही करा!"

"तेच करत होते. तुम्ही उठवलंत."

बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या आणि मालकाचं डोकं फिरलं. त्याने प्रत्येकीच्या हातात एक छापील कागद ठेवला.

"महिनाअखेर भरून द्यायचा. जिचा कोरा येईल, तिने दुसरीकडे काम बघायचं."

महिनाअखेर त्याने मावशींचा कागद मुद्दाम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतला. प्रश्न एकच होता: 'या महिन्यात तुम्ही स्वतःत कोणती सुधारणा केलीत?' खाली मावशींचं ठसठशीत अक्षर होतं.

 

'आधी चोरून झोपायचे. आता सांगून झोपते.'