बसलेला रसगुल्ला

फ्रीजमधल्या वाटीत, पाकात बुडालेला पांढरट गोळा दिसला तशी रत्नव्वा हसली. नातीनं रसगुल्ला केलेला दिसतोय, पण पार बसलाय बिचारा. पाक तरी जमलाय का बघावं, म्हणून तिनं बोट बुडवून चाटलं.

"अव्वा, नको!" सौंदर्या धावत आली. "शाळेचा प्रयोग हाय त्यो. अंडं हाय ते! व्हिनेगरनं कवच गेलं, नुसता पापुद्रा ऱ्हायला. त्यातनं आतलं पाणी पाकात उतरलंय, म्हणून आकसलंय."

उचगावच्या त्या घरात आजवर अंड्याची सावलीसुद्धा पडली नव्हती, आणि आता अंड्याचं पाणी रत्नव्वाच्या जिभेवर होतं. ती मोरीत जाऊन भडाभडा ओकली. चुळांवर चुळा भरल्या, तरी किळस जाईना. शेवटी ती वाटी तिनं सांडशीत धरून, नाकाला पदर लावून घरामागच्या परड्यात नेऊन ठेवली.

पूजा आटपून, कपाळभर विभूती ओढलेला तिचा नवरा महालिंग समजूत घालायला आला. त्यानं वाटीत डोकावून पाहिलं.

"अगं, पोरगी चेष्टा करत्या. अंडं असलं लिबलिबीत असतंय व्हय? चांगलं घट्ट असतंय की. उभं चिरायचं, वर मीठ-तिखट भुरभुरायचं, की मग..."

आणि त्यानं एकदम जीभ चावली.

रत्नव्वा आत गेली, मांडणीवरचं महालिंगचं ताट त्याच सांडशीत धरलं आणि त्या वाटीशेजारी आणून ठेवलं.