सोहमची किंकाळी

"कुणाला खरं वाटणार नाही, पण अंबरनाथला माझ्या शेडमध्ये सैतान गाऊन गेलाय!" मधुकाका ऐटीत म्हणाले. सोहमच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या मेटल बँडची ती पहिलीच कॅसेट. ड्रमर मिळेना, म्हणून काकांनीच तालाला पत्रा कापायचं प्रेस मशीन पायाच्या पेडलने चालवलं होतं. शेवटच्या किंकाळीवर पोरं आजही फिदा होती. "ती एक किंकाळी मारली आणि पठ्ठ्या थेट जर्मनीला! आता तिकडेच असतो."

कॅसेट नव्याने काढायला आलेल्या उन्नतीने लॅपटॉपवर मशीनची धडधड पुसून टाकली आणि हेडफोन लावला. काकांचा पाय पेडल दाबल्यासारखा हलत होता.

"कसला गातोय ना?"

उन्नतीने हेडफोन काढला.

"खोटं बोलताय, काका. तो गात नाहीये. 'बाबा, मशीन बंद करा' म्हणून ओरडतोय."